गोचीड काढावा कसा, आणि कसा काढू नये



या पानावर आम्ही नेहमी लागणीचा हंगाम, बेणेप्रक्रिया, खोडव्याची राखण, पाचट कुजवणे असले विषय लिहीत असतो. या खेपेस उसाला थोडे बाजूला ठेवून जनावरांच्या अंगावरच्या गोचिडाबद्दल लिहिणार आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याला गोचिडाशी काय करायचे, असे कोणी विचारील. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आपल्या बहुतेक सभासदांच्या घरी ऊस नि दूध हातात हात घालून चालतात. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, दुधाचा पगार मात्र दहा दिवसांनी येतो. किराणा, पोरांची फी, खुरपणीची मजुरी ही सारी त्या पगारावर चालतात. संकरित गाय गोचीड-तापाने बसली, की त्या घरचा ऊस खताच्या हप्त्याला मुकतो, हे आम्ही बांधावर उभे राहून पाहिले आहे. दुसरे उत्तर जरा कडू आहे, ते पुढे सांगू.

मागच्या गळीत हंगामात तोडणी कामगारांच्या तळावर आम्ही पशुवैद्यकीय डॉक्टरांबरोबर गेलो होतो. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या गाड्या, पाचटाच्या कोप्या, दावणीला पन्नास-साठ बैल. एका बैलाच्या कानात टप्पोरा गोचीड दिसला. आम्ही लहानपणापासून जे करत आलो तेच केले. अंगठा नि बोट घालून तो उपटला आणि नखाखाली दाबून फोडला. डॉक्टर एकदम म्हणाले, "साहेब, आता त्या हाताने डोळा चोळू नका." आम्ही हसलो. ते काही हसले नाहीत. पाणी आणि साबण मागवून त्यांनी आमचे हात धुवायला लावले, वर बैलाचा कान दाखवला. गोचिडाचे तोंड आतच राहिले होते आणि कातड्यावर रक्ताचा ठिपका होता. मग तिथेच, एका उलट्या पाटीवर बसून, त्यांनी जे समजावून सांगितले त्यावरून हा लेख लिहीत आहोत.

गोचीड चावतो म्हणजे मच्छरासारखा चावून उडून जात नाही. तो तोंड कातड्यात रुतवतो. त्या तोंडाला मागे वळलेले बारीक दात असतात, गळाच्या आकड्याला असतात तसे. शिवाय कित्येक जाती तोंडाभोवती सिमेंटासारखा चिकट द्रव सोडून स्वतःला पक्के करून घेतात. त्यामुळे तो सहजासहजी निघत नाही. पोट धरून ओढले तर पोट हाती येते आणि तोंड आत राहते. त्याहून वाईट म्हणजे पोट दाबले गेल्याने आतले रक्त नि लाळ उलट जनावराच्या जखमेत जाते. गोचिडाच्या पोटात आणि लाळेत रोगाचे जंतू असतील तर आपणच ते पिचकारीने टोचल्यासारखे होते.

आपल्याकडे मुख्यत्वे दोन प्रकारचे गोचीड आढळतात. एक लहान, निळसर-करडा. तो पिल्लू असल्यापासून रक्त पिऊन फुगेपर्यंत एकाच जनावरावर सुमारे तीन आठवडे राहतो. दुसरा मोठा, तपकिरी, पायांवर पांढरे पट्टे असलेला, लांब तोंडाचा. हा दुसरा गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत दडून बसतो. संकरित गाईला होणारा थायलेरिया नावाचा गोचीड-ताप हाच पसरवतो. तोंड लांब असल्याने ते तुटून आत राहण्याची भीतीही याच्याच बाबतीत जास्त.

आता हत्याराकडे वळू. जुन्या माणसांच्या करगोट्याला कानकोरणे, दातकोरणे आणि काटा काढायचा छोटा चिमटा असे. धनगर बांधवांकडे तो अजूनही दिसतो. गोचीड काढायला याच जातीचा चिमटा लागतो. टोके बारीक, एकमेकांवर नीट बसणारी, आणि दाबल्यावर न वाकणारी असावीत. औषधाच्या दुकानात बारीक टोकाचा स्टीलचा चिमटा मिळतो, तो चांगला. भुवया कोरायच्या चपट्या तोंडाच्या चिमट्याने मात्र गोचिडाचे पोटच धरले जाते. आणि गाडीच्या पेटीतली पक्कड! ती तर नकोच. पक्कडीने गोचीड काढताना बैलाचे कातडे सोललेले आम्ही पाहिले आहे.

चिमटा धरायची रीत अशी. जनावर सावलीत बांधावे, एकाने म्होरकी धरावी, गाय लाथाळ असेल तर मागचे पाय सैलसर बांधावेत. हातात रबरी मोजे घालावेत. नसतील तर प्लॅस्टिकची जाड पिशवी हातावर चढवली तरी काम भागते. केस बाजूला सारून गोचीड कुठून रुतला आहे ते पाहावे. चिमट्याची टोके कातड्याला अगदी टेकवून, गोचिडाच्या तोंडाशी धरावीत, पोटाशी नव्हे. मग एकसारख्या जोराने सरळ वर ओढावे. हिसका नाही, पिळणे नाही, इकडेतिकडे हलवणे नाही. कातडे थोडे वर उचलले जाईल. तसेच धरून ठेवावे, अर्धा-एक मिनिट लागले तरी चालेल. गोचीड आपोआप पकड सोडतो. घाईने ओढणारा नेहमी तोंड आत ठेवूनच गोचीड काढतो.

यात एक गोंधळ होतो, तो आधीच सांगतो. हल्ली कुत्र्यांच्या औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइनही प्लॅस्टिकचा एक आकडा मिळतो. खिळे उपटायच्या हातोडीचे मागचे तोंड असते तसा, मधे चीर पडलेला. तो वापरायची रीत चिमट्याच्या उलट आहे. आकडा कातड्याला टेकवून बाजूने सरकवायचा, गोचीड त्या चिरेत अडकला की हलके उचलून गोल फिरवायचा. दोन-तीन फेऱ्यांत गोचीड सुटतो. आकडा गोचिडाचे पोट दाबत नाही, म्हणून त्याला फिरवलेले चालते. चिमटा मात्र घट्ट पकडतो, म्हणून तो फिरवला की तोंड तुटते. आमच्या एका ओव्हरसियरने आकड्याची चित्रफीत मोबाइलवर पाहिली आणि घरी चिमटाच गोल फिरवला. कुत्र्याच्या मानेवर गाठ धरली, पंधरा दिवस पू वाहत होता. हत्यार कोणते, त्याप्रमाणे हात चालवावा.

काढलेला गोचीड जमिनीवर टाकून चिरडू नये, शेणात फेकू नये. रक्ताने भरलेली मादी शेणात पडली तरी मरत नाही. ती भेगेत शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. झाकणाच्या बाटलीत स्पिरिट घ्यावे. २०२०च्या साथीतला सॅनिटायझर अजून कोनाड्यात पडून असेल, तर त्याचा हा चांगला उपयोग आहे. गोचीड थेट त्यात सोडावा. काम संपले की जखमेला साबण-पाणी आणि जंतुनाशक लावावे, चिमटा दहा मिनिटे उकळावा किंवा स्पिरिटने पुसावा, आणि हात धुतल्यावाचून धारेला बसू नये. कासेवरचे गोचीड धार काढून झाल्यावरच काढावेत, म्हणजे रक्ताचा थेंब चरवीत पडायला नको.

तोंड आत राहिलेच तर? चिमट्याने सहज येत असेल तर काढावे, नाहीतर सोडून द्यावे. सुईने, ब्लेडने कोरत बसू नये. कातडे काही दिवसांत ते बाहेर टाकते. सूज वाढली, पू झाला तर डॉक्टरांना दाखवावे.

रॉकेल, तंबाखूचे पाणी, चुना, बिडीचा चटका ही आपली जुनी औषधे. बिडीचा चटका दिला की गोचीड सुटून पडतो असे पुष्कळजण सांगतात, आणि कधी कधी तसे होतेही. पण चटका बसल्यावर तो आधी पोटातले जखमेत ओकू शकतो, मग सुटतो. म्हणजे ज्याला टाळायचे तेच आपण ओढवून घेतो. वर कासेला फोड येतो तो वेगळाच.

माणसाच्या अंगावरचा गोचीड

वासरांशी खेळणारी मुले, धार काढणाऱ्या बाया, पाचटात बसणारे तोडणी कामगार, कुत्रा जवळ घेऊन निजणारे राखणदार, या सर्वांनी संध्याकाळी एकदा अंग तपासावे. काख, जांघ, बेंबी, गुडघ्यामागे, कानामागे, डोक्याच्या केसांत पाहावे. पिल्लू गोचीड मोहरीएवढाही नसतो, त्याला सहाच पाय असतात, आणि तो तिळासारखा वाटून सुटून जातो. काढायची रीत जनावरासारखीच, पण माणसाचा चिमटा वेगळा ठेवावा. काढल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी, अंगावर लाल टिपके, हिरड्यांतून रक्त असे काही दिसले, तर दवाखान्यात गेल्याबरोबर "अमक्या तारखेला गोचीड चावला होता" हे आपण होऊन सांगावे. डॉक्टर विचारतीलच असे नाही, आणि न विचारता सांगायची आपल्याला सवय नाही.

ही भीती आम्ही उगाच घालत नाही. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यात, साणंद तालुक्यातल्या कोलाट गावची एक बाई तापाने आणि रक्तस्रावाने दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि एक परिचारिकाही दगावली. नमुने आपल्याच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले, तेव्हा तो क्रिमियन-काँगो ताप निघाला. भारतात हा रोग माणसांत पक्का सिद्ध झाल्याची ती पहिली वेळ. हा रोग त्याच मोठ्या, तपकिरी जातीच्या गोचिडांतून येतो. चावल्याने येतो, तसाच गोचीड उघड्या हाताने चिरडल्यानेही येतो, आणि रोगी जनावराच्या ताज्या रक्तानेही येतो. गंमत अशी, की गाई-म्हशीला तो असला तरी ती आजारी दिसत नाही. चरते, दूध देते. दुसरा माकडताप. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी तो शोधला. तो जंगलातल्या गोचिडांचा रोग, पण २०१६ पासून आपल्या राज्यात सिंधुदुर्गच्या दोडामार्ग भागातही त्याचे रुग्ण सापडले.

आपल्या दोन्ही तालुक्यांत उसातल्या बिबट्याची चर्चा पारावर रोज होते, आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच पारावर बसून कुत्र्याच्या कानातले गोचीड नखाने फोडणारे आम्ही मोजले तर दोन्ही हातांची बोटे पुरणार नाहीत. त्यात आमचीही बोटे होती, हे वर कबूल केलेच आहे.

चिमट्याचा उपयोग किती

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अंगावर पाच-दहा गोचीड असतील, वासरू असेल, पापणी, कान, कास अशी नाजूक जागा असेल, तर चिमटा उत्तम. थायलेरियाचे जंतू गोचीड चिकटल्यावर त्याच्या लाळेत तयार व्हायला दोन-तीन दिवस घेतात. म्हणून रोज पाहून रोज काढणाऱ्याच्या गाईला त्या तापाची भीती कमी. पण गळ्याच्या पोळीखाली, मांड्यांत, शेपटीच्या बुडाशी शेकड्याने गोचीड लटकले असतील तर चिमटा घेऊन बसणे म्हणजे विहीर वाटीने उपसणे. तिथे औषधच लागते. आणि इथेच आमचे ते कडू उत्तर येते.

आंबेगाव तालुक्यातल्या एका सभासद बंधूंना हुमणीसाठी आम्ही क्लोरपायरीफॉसची शिफारस लिहून दिली होती. उसाला सोडून थोडे उरले. घरच्या गाईला नि दीड वर्षाच्या कालवडीला गोचीड फार झाले होते. उसातले किडे मरतात तर गोचीड का मरणार नाहीत, असा त्यांचा सरळ हिशेब. बादलीत कालवून दोघींना फडक्याने पुसून काढले. तासाभरात कालवडीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, अंग थरथरू लागले, पातळ हगवण लागली. डॉक्टरांनी ॲट्रोपिनची इंजेक्शने देऊन गाय वाचवली. कालवड गेली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. डबा पुढे करून एवढेच म्हणाले, "साहेब, विषाचा त्रिकोण लाल असतो ना? हा तर पिवळा होता." लाल म्हणजे अतिजहाल आणि पिवळा म्हणजे त्याच्या लगतचा जहाल, हे आम्ही शेतकरी मेळाव्यांतून सांगितले असेल. चिठ्ठी लिहून देताना मात्र सांगितले नव्हते. तेव्हापासून आमच्या विभागाच्या प्रत्येक शिफारसचिठ्ठीखाली "जनावराच्या अंगाला लावू नये" असे आम्ही हाताने लिहितो.

जनावरासाठीची औषधे वेगळी असतात. डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ ही नावे दुकानात ऐकायला मिळतील. ती जनावरांसाठी म्हणून छापलेल्या बाटलीतलीच घ्यावीत, मात्रा लेबलाप्रमाणे आणि पशुवैद्यकांना विचारून ठरवावी. "थोडे जास्त घातले तर लवकर गुण" हा हिशेब इथे चालत नाही. जनावराला आधी पोटभर पाणी पाजावे म्हणजे ते ओले अंग चाटणार नाही. भर उन्हात लावू नये, जखमेवर लावू नये, लावणाऱ्याने मोजे नि तोंडाला फडके बांधावे. गोचिडाचे इंजेक्शनही मिळते, पण त्याचा अंश दुधात उतरतो, तेव्हा दुभत्या गाईला ते डॉक्टरांच्या सांगण्यावाचून देऊ नये. आणि शर्यतीच्या शौकिनांसाठी खास सूचना. आपल्याकडे घाटात बैलांपुढे घोडी पळते. बैलांसाठी कालवलेले अमिट्राझ घोडीला लावू नये. घोड्याच्या आतड्यांची हालचाल त्याने मंदावते आणि पोटशुळाने जनावर जाऊ शकते.

औषध जनावराला लावले आणि गोठा तसाच ठेवला तर सारे फुकट. अंडी, पिल्ले भेगांत असतात. म्हणून त्याच दिवशी गव्हाणीखालचे, दगडांच्या सांध्यातले सांदीकोपरे साफ करावेत, भेगा सिमेंटने किंवा मातीने लिंपाव्यात, चुना मारावा. भिंतीवरून ज्योत फिरवायचा सल्ला काहीजण देतात. पक्क्या विटांच्या, पत्र्याच्या गोठ्यात ते ठीक. पण माळ्यावर कडबा, कुडाला पाचट असलेल्या आपल्या गोठ्यांत तो विचारही मनात आणू नये. गाईखाली अंथरलेले पाचट महिनोन् महिने तसेच ठेवतात, ते आठवड्याला उचलून खड्ड्यात कुजवावे. दोन-चार गावरान कोंबड्या गोठ्यात मोकळ्या सोडल्या तर त्या खाली पडलेले गोचीड टिपतात, त्यांना पगार द्यावा लागत नाही. औषध साधारण पंधरा दिवसांनी पुन्हा लावावे लागते, ती तारीखही डॉक्टरांकडूनच घ्यावी.

गाय चारा सोडते, अंग तापलेले, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी फुगलेली, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी तांबडी-काळी झालेली, यांतले काहीही दिसले तर मग चिमटाही नको नि घरगुती काढाही नको. गाईचा ताप सुमारे १०१.५ अंशांच्या आसपास असायचा, तो १०४ च्या पुढे गेला की त्याच दिवशी डॉक्टर बोलवावेत. थायलेरिया आणि लघवीतून रक्त जाणारा बबेसिया यांची औषधे वेगवेगळी आहेत. रक्त तपासून द्यावी लागतात, आणि वेळेवर दिली तर गाय उठते. डांगी, खिल्लार जनावर गोचीड पुष्कळ सोसते. ते पाहून होल्स्टीन गाईच्या बाबतीत निर्धास्त राहू नये.

बेल्ह्याच्या बाजारातून बैल आणला, पाहुण्याची गाय दावणीला आली, किंवा यात्रेच्या शर्यतीहून जोडी परतली, तर आठ-दहा दिवस ती वेगळी बांधून रोज कान नि शेपटीचे बूड पाहावे. हंगाम सुरू झाला की तोडणीच्या टोळ्यांचे बैल तुमच्याच बांधावर रात्रभर उभे राहतील. गाडीवानाला दोष देऊ नये, त्याचा बैल म्हणजे त्याचा हंगाम. त्यालाही चिमटा नि बाटली दाखवावी. प्रत्येक गट कार्यालयात नमुन्याचा एक चिमटा, एक आकडा आणि झाकणाची बाटली ठेवलेली आहे. ऊस नोंदीला याल तेव्हा ओव्हरसियरकडून हातात घेऊन पाहावीत. चिमटा घरी न्यायला मागू नये, तो एकच आहे.

— ऊस विकास अधिकारी